अर्ध्या सुताचा हिशेब

हार्डबोर्डचा शेवटचा तुकडा पहारीनं उचकटला आणि त्याखालून कित्येक वर्षांची धूळ आणि एक तांबडा चौकोन वर आला. ओलं फडकं फिरवलं. तांबड्याशेजारी काळा, काळ्याशेजारी लोण्याच्या रंगाचा, मधे बोटाच्या पेराएवढे निळे ठिपके. बायको जिन्यावर चहाचा कप घेऊन उभी होती. ती म्हणाली, "अरे, ही तर राणीच्या बागेतली लादी!"

तिचं बरोबर होतं. आम्ही दोघंही मध्य मुंबईत वाढलो. राणीच्या बागेत हत्ती बघायचा, उन्हानं डोकं तापलं की शेजारच्या म्युझियममध्ये शिरायचं आणि आत शिरताच चप्पल हातात घ्यायची, कारण पायांना गार लागायचं. त्या गार लादीवर आम्ही रंग ठरवून चालायचो. काळ्यावर पाय पडला की बाद. ती लादी इंग्लंडातून आलेली आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी काय फरक पडला असता! आता चाळीस वर्षांनी ती आमच्याच घरात, गालिचा, फोम, हार्डबोर्ड आणि दर सहा इंचांवर एक खिळा यांच्याखाली पडून होती.

घर बर्मिंगहॅममधलं, 1897 सालचं, दोन्हीकडच्या घरांना चिकटून उभं असलेलं. पुढच्या दारातून स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या मीटरभर रुंदीच्या जागेला इकडे हॉल म्हणतात. आपल्या हिशेबी तो बोळ. व्हिक्टोरिया राणीच्या शेवटच्या तीस वर्षांत मध्यमवर्गासाठी अशा घरांच्या रांगाच्या रांगा उठल्या आणि कित्येकांच्या बोळात अशी रंगीत लादी बसली. बाहेर चिखल, घोड्यांची लीद, आत चिखलाचे बूट. ओल्या फडक्यानं पुसता येईल अशी जमीन हवी होती. पुढं रुची बदलली, गालिचे आले, आणि ज्यांनी बसवली त्यांच्याच नातवंडांनी तिच्यावर खिळे ठोकले.

दारापासून जिन्यापर्यंतची लादी शाबूत निघाली. जिन्यापासून आत मात्र कुणीतरी गरम पाण्याच्या नळ्यांसाठी चर खणून त्यात सिमेंट ओतलं होतं. अडीच मीटर गेली. हा लेख त्या अडीच मीटरचा आहे.

आधी एक गोंधळ दूर करतो. मुंबईत जुनी नक्षीदार लादी दिसली की लोक सरसकट तिला 'मिंटन' म्हणतात. त्यात तीन वेगवेगळ्या वस्तू मिसळलेल्या असतात. गिरगाव-दादरच्या इमारतींत आणि गोव्याच्या जुन्या घरांत बहुतेक वेळा दिसते ती सिमेंटची लादी. ती भट्टीत भाजलेली नसते. साच्यात रंगीत सिमेंटचा थर ओतून, दाबून, पाण्यात मुरवलेली असते. मुंबईत 1922 साली सुरू झालेल्या भारत टाइल्सनं ती स्वदेशीच्या जोरावर घराघरांत नेली. दुसरी एनकॉस्टिक: भाजलेली माती, पण एका रंगाच्या मातीत दुसऱ्या रंगाची माती भरून तयार केलेलं फूल किंवा सिंह एकाच लादीवर. आणि तिसरी ही आमची भौमितिक. हिच्यातला प्रत्येक तुकडा एकरंगी, साधा. नक्षी तुकड्यात नसते, तुकड्यांच्या मांडणीत असते. म्हणजे ठिपक्यांच्या रांगोळीसारखं. एक ठिपका घेऊन पाहिला तर त्यात काहीच नाही.

म्हणूनच मला वाटलं होतं, सोपं आहे. चौकोन आणायचे, लागतील तसे कापायचे, चिकटवायचे. नवे तुकडे आजही बनतात. एका फरशीवाल्यानं सांगितलेली मजुरी ऐकून तर माझ्या आत्मविश्वासाला आणखीच बळ आलं. बाजारातून स्वस्तातला हातकटर आणला. त्यात टंगस्टन कार्बाइडचं छोटं चाक असतं. ते टाइलवर ओढून चरा पाडायचा आणि दांडा दाबून टाइल त्या चऱ्यावर मोडायची. न्हाणीघराच्या टाइल मी अशा पूर्वी कापल्या होत्या. पहिल्या संध्याकाळी चौदा तुकडे कापायला घेतले. तीन नीट निघाले. बाकी अकरांपैकी काहींच्या कडेला नखाएवढे टवके उडाले, काही चरा सोडून भलतीकडेच मोडले आणि एकाचे चार झाले.

मुंबईला मामाला व्हिडिओ लावला. मामानं चाळीस वर्षं दादर-माटुंग्यात गवंडीकाम केलं. त्यानं तुकडे कॅमेऱ्यासमोर एकेक करून धरायला लावले आणि म्हणाला, "भाच्या, कटरला शिव्या देऊ नकोस. माल ओळखल्याशिवाय हत्यार उचलायचं नसतं."

माल ओळखायचा तर बर्मिंगहॅमलाच परत यावं लागतं. 1840 साली इथल्याच रिचर्ड प्रॉसर नावाच्या इंजिनिअरनं एक पेटंट घेतलं. त्याला बनवायची होती बटणं. ओली माती साच्यात भरली की वाळताना आणि भाजताना ती आकसते, वाकडी होते. प्रॉसरनं माती जवळजवळ कोरडी करून तिची भुकटी केली आणि ती लोखंडी साच्यात प्रचंड दाबानं आवळली. पाणीच कमी, त्यामुळे वाकणंही कमी. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या हर्बर्ट मिंटनला त्यात बटणापलीकडचं दिसलं. त्यानं त्या पेटंटात भागी घेतली आणि त्याच रीतीनं लाद्या काढायला सुरुवात केली. एनकॉस्टिकसाठीसुद्धा त्यानं आधी असंच केलं होतं. सॅम्युअल राइटच्या 1830च्या पेटंटात हिस्सा घेतला होता. दुसऱ्याची कल्पना वेळेवर ओळखणं हेही एक कसब आहे, आणि मिंटनपाशी ते होतं.

या कोरड्या, दाबलेल्या मातीला भट्टीत इतकं तापवतात की कण एकमेकांत वितळून घट्ट बसतात. पाणी जवळपास शिरतच नाही. न्हाणीघराची टाइल वेगळी: तिचं अंग तुलनेनं भुसभुशीत असतं आणि वर काचेचा पातळ थर. चाकानं त्या काचेवर चरा पडला की खालचं अंग निमूट त्या रेषेवर तुटतं. इथं काच नाहीच. रंग वरपासून खालपर्यंत एकच. तांबडा म्हणजे आरपार तांबडा. चरा पडतो, पण तुटताना रेषेवरच तुटेन असं वचन तो तुकडा देत नाही. शिवाय तुकडे लहान. मोडायला दोन्ही बाजूंना दांडीसारखी जागा लागते, आणि दोन इंचांच्या तुकड्यातून बोटभर पट्टी काढायची तर ती जागाच उरत नाही. सहा इंची चौकोन बरोबर मधून मोडायला हातकटर चालतो. एकच ओढ, सारखा दाब, चऱ्यावर पुन्हा चाक नाही. बाकी ठिकाणी तो कपाटात ठेवावा.

मग आणखी एक अडचण. या लाद्यांच्या कडा सुरीसारख्या काटकोनी असतात आणि जुन्या कारागिरांनी त्या जवळजवळ एकमेकींना टेकवून बसवल्या आहेत. सांधा जेमतेम एक मिलिमीटरचा. न्हाणीघरात तीन मिलिमीटरच्या सांध्यात छोटा टवका ग्राउटखाली लपून जातो. इथं लपायला जागा नाही. काळ्या तुकड्याला टवका उडाला आणि शेजारी लोणी रंगाचा तुकडा असला, तर तो दारातूनच दिसतो.

तीन घरं सोडून एक निवृत्त फरशीवाले राहतात. वय ऐंशीच्या आसपास, दोन्ही गुडघे बदललेले. हा धंदा शेवटी गुडघ्यांवरच जातो. त्यांना बोलावलं. त्यांनी बोळात खुर्ची टाकली, माझे अकरा हुतात्मे पाहिले, आणि पुढचे दोन दिवस मला एकही तुकडा कापू दिला नाही.

त्या दोन दिवसांत आम्ही फक्त मोजलं. शाबूत अर्ध्या भागातला एकेक आकार कॅलिपरनं मोजून मी वहीत लिहिला: 6 इंच, 4¼ इंच, 3 इंच, 2⅛ इंच, 1½ इंच. पहिल्यांदा ही मापं खुळ्यासारखी वाटतात. सव्वाचार कुठून आलं? दोन आणि एक अष्टमांश कशासाठी? म्हाताऱ्यानं एक सहा इंची चौकोन जमिनीवर ठेवला आणि त्यावर सव्वाचार इंची चौकोन तिरका करून ठेवला. त्याची चारही टोकं मोठ्याच्या चारही बाजूंच्या बरोबर मध्यावर टेकली. त्यावर तीन इंची सरळ, त्यावर सव्वादोनला सूतभर कमी तो पुन्हा तिरका. प्रत्येक चौकोन आधीच्याच्या निम्म्या क्षेत्रफळाचा.

मला शाळेतला पायथागोरस आठवला आणि मागाहून शुल्बसूत्रं. यज्ञाची वेदी रचणाऱ्यांपुढे हाच प्रश्न होता: दिलेल्या चौरसाच्या दुप्पट चौरस कसा काढायचा? बौधायनानं सांगितलं की चौरसाच्या कर्णावर चौरस काढा. त्या कर्णाला त्यांनी नावच दिलं, द्विकरणी. ससाण्याच्या आकाराची चिती रचायला त्यांनाही विटा अर्ध्या आणि पाव अशा तिरक्या लागत. त्या 'अर्ध्या' आणि 'पाद्या'. अडीच हजार वर्षांपूर्वीचे आपले वेदीवाले आणि स्टोकचे कारखानदार एकमेकांना ओळखत नव्हते. पण चौकोन तिरका केला की दोघांच्याही हाताला तोच कर्ण लागतो.

या मापांचा अर्थ धंद्याच्या भाषेत असा: फरशीच्या पोटात काहीच कापावं लागू नये. सव्वाचारचा अर्धा त्रिकोण घेतला तर त्याची लांब बाजू बरोबर सहा इंच. 2⅛ इंची चौकोनाचा अर्धा घेतला तर लांब बाजू तीन इंच. तिरकी जाळी सरळ पट्टीला जिथं भिडते तिथं हे त्रिकोण चपखल बसतात, आणि ते कारखान्यातूनच त्रिकोण म्हणून दाबून, भाजून येतात. कापण्याचं काम कारखान्यानं साच्यातच करून ठेवलेलं असतं. बसवणाऱ्याला ते नव्यानं करायला सांगितलेलंच नाही.

हे समजूनही मी चूक केली. कबूल करतो, पैसे वाचवायला. त्रिकोण महाग, कारण दर नगावर, चौकोन स्वस्त. 2⅛ इंची चौकोन कर्णावर कापले की एकाचे दोन त्रिकोण. तोवर भाड्यानं चांगला पाण्यावर चालणारा कटर आणला होता आणि टवक्यांचा प्रश्न बराच सुटला होता. एका रात्रीत बत्तीस त्रिकोण कापले. कडा आरशासारख्या. सकाळी ते पट्टीला लावून ओळीत मांडत गेलो आणि स्वयंपाकघराच्या दाराशी पोचेपर्यंत त्रिकोणांची टोकं जाळीच्या टोकांपासून दोन इंच मागं राहिली होती.

मामाला पुन्हा फोन. तो क्षणभर गप्प राहिला आणि मग हसायला लागला. "पात्याची जाडी किती?"

1.6 मिलिमीटर. आपल्या गवंड्यांच्या भाषेत इंचाची आठ सूतं. म्हणजे हे पातं बरोबर अर्ध्या सुताचं. चौकोनाच्या मधोमध ते फिरलं की दोन त्रिकोणांच्या मधलं अर्धं सूत चिखल होऊन वाहून जातं. निम्मं या त्रिकोणाचं, निम्मं त्या. आणि कोन पंचेचाळीस अंशाचे असल्यानं काठावरचं 0.8 गेलं की लांब बाजू त्याच्या दुप्पट, म्हणजे 1.6 मिलिमीटरनं आखूड होते. एका त्रिकोणाला ते कळत नाही. एकतीस त्रिकोण ओळीत लावा: 49.6 मिलिमीटर. दोन इंच. सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे. मी अर्ध्या सुतावरून उलट दिशेला गेलो होतो.

उपाय दोनच. एक, त्रिकोण विकत घ्यायचे. दुसरा, पातं कर्णाच्या पलीकडे, टाकाऊ बाजूला चालवायचं. म्हणजे एका चौकोनातून एकच पुरा त्रिकोण निघतो आणि दुसरा अर्धा वाया जातो. त्याचा खर्च जोडला तर विकतचा त्रिकोणच स्वस्त पडतो. रेघ आखली की रेघ राहिली पाहिजे, पातं तिच्या बाहेरून जायला हवं, हे सुतारकाम करणाऱ्या पोरालाही पहिल्या दिवशी शिकवतात. मी पन्नाशीत शिकलो.

तरी काही तुकडे कापावेच लागतात, आणि ते कुठं हे म्हाताऱ्यानं दोरी मारून दाखवलं. बोळाच्या मध्यरेषेवर खडूची दोरी. नक्षी मध्यापासून दोन्हीकडे वाढत जाते, तिच्याभोवती काळी-पांढरी किनार, साडीच्या काठासारखी. काठ आणि भिंत यांच्यामधे राहते ती साधी एकरंगी भरणीची पट्टी. कुठल्याही जुन्या घराच्या भिंती समांतर नसतात. आमचा बोळ जिन्याजवळ 994 मिलिमीटर आणि स्वयंपाकघराशी 981. हे तेरा मिलिमीटर काठानं खाल्ले तर काठ तिरका दिसतो आणि डोळा तिथंच अडखळतो. भरणीनं खाल्ले तर कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून कापकाम सगळं भरणीत. तिथंही कारखान्याची कड काठाकडे ठेवायची आणि कापलेली भिंतीकडे, म्हणजे वरून लाकडी पट्टी आली की ती झाकली जाते. जुन्या मंडळींचं निर्दोष काम आपण पाहतो, त्यातलं निम्मं श्रेय या युक्तीचं आहे. त्यांनी छिन्नी-हातोड्यानं कापलं, पकडीनं कुरतडलं, कड दगडावर घासली. टवके त्यांचेही उडाले असणार, पण ते भिंतीखाली गाडले गेले.

आता प्रत्यक्ष कापणं. कटरचं पातं अखंड कडेचं हिऱ्याचं हवं. खाचा असलेलं पातं काँक्रीटसाठी. ते इथं लावलं तर प्रत्येक खाच एक टवका घेऊन जाते. पातं 'कापतं' हा शब्दच चुकीचा आहे, ते घासतं: धातूत बसवलेले हिऱ्याचे कण मातीला खरवडत पुढे जातात आणि पाणी तो चिखल धुऊन नेतं. कठीण लादीवर बराच वेळ चालवलं की कण गुळगुळीत होतात. मग पातं जोर लावूनही सरकत नाही, तापतं, आणि तापलं की टवके सुरू. अशा वेळी एका मऊ विटेत किंवा घासणीच्या दगडात दोन-तीन काप मारायचे. वरचा धातू झिजतो, नवे हिरे उघडे पडतात. चाकूला धार लावतात तसंच, फक्त उलट्या रीतीनं. मेजाच्या कटरवर पात्याची पुढची कड वरून खाली येते. म्हणून लादीचा चेहरा वर ठेवायचा. टवका उडालाच तर पाठीला उडतो आणि पाठ चिकटगोंदात जाणार असते.

काप दोन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत पातं जेमतेम दीड-दोन मिलिमीटर खोल, नुसती वाट करून द्यायची, दुसरीत आरपार. ज्या कटरला पातं वरखाली करता येत नाही तिथं चेहऱ्यावर रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर रेघ मारायची. त्याचा दुसरा फायदा असा की या लाद्यांना काच नसल्यानं मार्करची शाई फिकट तुकड्यात कायमची मुरते. सगळ्यांत धोक्याचा असतो शेवटचा सेंटिमीटर. पातं बाहेर पडायच्या आधी उरलेला कोपरा स्वतःच्याच वजनानं मोडतो आणि काडीएवढा कोंब मागं ठेवतो. म्हणून सुरुवातीलाच तुकडा फिरवून शेवटच्या टोकाला छोटी खाच पाडून ठेवायची, मग नेहमीच्या बाजूनं कापत येऊन त्या खाचेला मिळायचं. आणि हात सैल. ढकलायचं नाही, सोबत करायची. हे सोबत करणं मला साठ-सत्तर तुकड्यांनंतर जमलं.

दीड इंचाचा तुकडा बोटात धरून पात्याला लावण्याचा विचारसुद्धा करू नका. मी एका लाकडी फळीत पंचेचाळीस अंशाची खाच करून घेतली, तुकडा त्यात बसतो आणि फळी सरकते. त्याहून लहान असेल तर तो गरम गोंदाच्या थेंबानं मोठ्या टाकाऊ लादीवर चिकटवायचा, दोन्ही मिळून कापायचे, मग गोंद सोडवायचा. कापल्यावर तुकडा लगेच धुवायचा. काळ्याचा चिखल पांढऱ्यावर वाळला की घासत बसावं लागतं. शेवटी कड हिऱ्याच्या हातघासणीवर दोन-तीनदा फिरवायची, चेहऱ्याकडून पाठीकडे. उलट फिरवली तर घासणीच टवका काढते.

दाराच्या चौकटीची नक्षीदार कड हा वेगळाच छळ. तिचा आकार आधी पुठ्ठ्यात उतरवून घ्यायचा. आतल्या बाकाला पातं वळत नाही, म्हणून नको असलेल्या भागात शेजारी शेजारी समांतर काप मारायचे, फणीच्या दातांसारखे, मग ते दात पकडीनं एकेक करून मोडायचे आणि उरलेलं घासायचं. पकड नेहमी कडेवरून, उंदरासारखी; जबड्याचा निम्माच भाग लादीवर. पुरा जबडा बसवून दाबला की लादी आपली इच्छा दाखवते. दोन गरम नळ्यांसाठी भोकं पाडली ती हिऱ्याच्या पोकळ ड्रिलनं, पाणी घालत, सुरुवातीला ड्रिल तिरकं धरून. एक तुकडा गेला. चालायचंच.

पाण्याबद्दल मी एवढं बोलतोय ते केवळ टवक्यांसाठी नाही. या मातीत भरपूर सिलिका असते आणि कोरडं कापलं की तिची डोळ्यांना न दिसणारी धूळ उडते. ती फुप्फुसात बसते आणि परत निघत नाही. स्टोकच्या कुंभारवाड्यांत त्यातून होणाऱ्या आजाराला कुंभारांचा रोग म्हणूनच ओळखायचे. ब्रिटनमध्ये आज कामाच्या जागी आठ तासांच्या सरासरीनं अशा धुळीची मर्यादा घनमीटरला 0.1 मिलिग्रॅम आहे. आपल्याकडे तोंडाला रुमाल बांधून इमारतीच्या गच्चीवर कोरडा ग्राइंडर चालवणारी पोरं मी दर सुट्टीत पाहतो. रुमालानं काहीही अडत नाही. तुमच्या घरात लादीचं काम निघालं तर पाण्याच्या कटरचा आणि नीट मास्कचा आग्रह तुम्ही धरा. मजूर स्वतःहून धरणार नाही, कारण त्याचा वेळ तुमच्याच पैशानं मोजला जातो.

मधेच एका रविवारी जॅकफिल्डला जाऊन आलो. तासाभराचा रस्ता. सेव्हर्न नदीच्या काठावर, 1779च्या त्या प्रसिद्ध लोखंडी पुलापासून थोडं खाली. इथं शेजारी शेजारी लाद्यांचे दोन मोठे कारखाने होते: मॉ आणि क्रेव्हन डनिल. मॉ बंधूंनी 1850 साली वूस्टरमधला एक कारखाना घेतला, दोन वर्षांत मातीच्या आणि कोळशाच्या जवळ म्हणून तो इकडे हलवला आणि 1883 साली जॅकफिल्डला नवी इमारत बांधली. थोरले जॉर्ज मॉ वनस्पतिशास्त्रातले जाणकार. केशराच्या कुळावरचा, क्रोकसवरचा त्यांचा ग्रंथ 1886 सालचा, चित्रंही त्यांचीच. मातीचे रंग जमवणारा हा माणूस फुलांच्या पाकळ्यांचे रंग टिपत बसे, हे मला फार आवडलं. क्रेव्हन डनिलची इमारत आता टाइलचं संग्रहालय आहे, आणि त्याच आवारात आजही लाद्या बनतात.

तिथं कळलेली कामाची गोष्ट अशी की एकाच मापाचा साचा वापरूनही प्रत्येक रंगाची माती भट्टीत वेगवेगळी आकसते. काळ्यात मँगनीज, निळ्यात कोबाल्ट, हिरव्यात क्रोम. प्रत्येकाचा स्वभाव निराळा. सगळे रंग एका मापात आणणं हीच या कारखान्यांची खरी विद्या होती, आणि ती शंभर टक्के कधीच साधली नाही. घरी येऊन आमच्या जुन्या तुकड्यांचे मी तीन ढीग केले: मोठे, बेताचे, बारीक. एकाच 'सहा इंचां'त दीड मिलिमीटरचा फरक निघाला. नवे तुकडे मेट्रिक, 151 मिलिमीटरचे. जुने 152च्या आगेमागे. त्यामुळे जुन्या-नव्याची जोड जिथं येते तिथं बारीक ढिगातले जुने वापरले, आणि चार जुन्यांची कड घासणीवर एकेक मिलिमीटर उतरवली. हे कापणं नव्हे, पण कापण्याहून जास्त वेळ यातच गेला.

डिसेंबरात मुंबईला आलो तेव्हा भायखळ्याला, राणीच्या बागेशेजारच्या त्या म्युझियममध्ये गेलो. म्युझियम 2 मे 1872 रोजी लोकांसाठी उघडलं. ज्यांचं नाव त्याला 1975पासून आहे ते डॉ. भाऊ दाजी लाड मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, आणि म्युझियमच्या उभारणीसाठी खटपट करणाऱ्यांतले एक प्रमुख. इमारतीची डागडुजी झाली आणि 2005 साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती तसाच उभा आहे. मी आत शिरलो, चप्पल काढायचा मोह आवरला आणि भिंतीकडेला गुडघ्यावर बसून कापलेला तुकडा शोधायला लागलो. पहारेकरी आला. "साहेब, काय पडलं का?" मी म्हणालो, "नाही, लादी बघतोय." तो म्हणाला, "लादी काय बघायची, वर बघा, छत बघा." छतही सुंदर आहे. पण चाळीस वर्षांपूर्वी पायांनी ओळखलेली लादी आता डोळ्यांनी वाचता येत होती: कुठला चौकोन कुठल्याचा निम्मा, कुठला त्रिकोण साच्यातून आलेला. मामाही माझ्यासोबत आला होता. त्यानं बूट काढले आणि मोज्यांनिशी दोन पावलं चालून पाहिलं.

आमचा बोळ पूर्ण व्हायला सात आठवडे लागले. नव्या भागात 612 तुकडे बसले. त्यांतले 94 कापलेले आणि त्यांतले 88 भिंतीच्या पट्टीखाली तोंड लपवून आहेत. वाया गेले ते, पहिल्या संध्याकाळचे अकरा आणि आखूड त्रिकोण धरून, 57. म्हाताऱ्यानं शेवटच्या दिवशी काठी टेकत बोळभर चालून पाहिलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी एका काळ्या त्रिकोणावर काठी आपटली. तांदळाएवढा टवका. तो मला ठाऊक होता. ग्राउट भरून झालं होतं म्हणून काढला नाही. सध्या त्याच्यावर पायपुसणं आहे.